पाच पुतळ्यांचा दरवाजा

रुक्सानाला त्या पाच पुतळ्यांचा इतका संताप आला होता, की संधी मिळती तर तिनं एकेकाच्या टाळक्यात हातोडा घातला असता. अडचण एवढीच होती की पुतळे दगडाचे नव्हते, पितळेचे नव्हते, कशाचेच नव्हते. ते स्वानंदच्या डोक्यात होते, आणि त्या डोक्यात हातोडा घालायची सोय खेळाच्या नियमांत नव्हती.

रविवारची दुपार होती. रहाटणीतल्या एका सोसायटीत, सहाव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर चिवड्याचा डबा आणि रंगीबेरंगी फासे पसरून पाच जण बसले होते. टेबलाच्या एका टोकाला पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे स्वानंद. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीचा मॅनेजर होता. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढणं हा त्याचा धंदा, आणि रविवारीही त्याची ती खाज जात नसे. त्याच्या शेजारी त्याची बायको अनुया. ती भोसरीत साचे बनवणाऱ्या एका टूलरूमसाठी डिझाइन करायची आणि बोलायची फार कमी. तिच्या पलीकडे सुरेंद्र, स्वानंदच्याच कंपनीत मेंटेनन्सला असलेला, शिफ्ट संपवून थेट इकडे आलेला, एका डोळ्यानं जागा आणि एका डोळ्यानं झोपलेला. आणि समोर रुक्साना व तिचा नवरा अफताब. दापोडीत त्यांचं टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान होतं. अफताब आणि स्वानंद डिप्लोमाला एकत्र होते. वडील गेल्यावर अफताबनं कॉलेज सोडलं आणि गल्ल्यावर बसला. स्वानंद शिकत राहिला. दोस्ती मात्र टिकली.

खेळ तसा सोपा होता. स्वानंद मास्टर. तो एक जग सांगायचा: किल्ले, जंगलं, राक्षस, शापित राजे. बाकीचे चौघं त्या जगातली माणसं व्हायचे आणि मनाला येईल तसं वागायचे. एखादी गोष्ट साधली की फसली, ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. अफताब झाला होता गजा पहिलवान, एका बुक्कीत भिंत पाडणारा. सुरेंद्र उंदऱ्या नावाचा चोर, कुठलंही कुलूप उघडणारा. अनुया विद्युल्लता नावाची जादूगारीण, जिच्या अकलेपुढे राजदरबारचे पंडित पाणी भरायचे. तसं तिच्या कागदावर आकड्यानिशी लिहिलेलंच होतं. आणि रुक्साना होती नूरी नावाडी. नाव वल्हवणारी, जमेल तिथे जकात चुकवणारी, तोंडाची फाटकी.

हे शेवटचं तिला मुद्दाम शिकावं लागलं नव्हतं. तिचं माहेर आळंदीचं. बापाचं बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन, बांगडी चढेपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवायचं, हे ती फ्रॉकमध्ये असल्यापासून करत आली होती. अफताबनं पहिल्यांदा या खेळाला आणलं तेव्हा ती म्हणाली होती, "मोठी माणसं राजा-राणी खेळतात? तुमच्या दोस्ताला मुलंबाळं नाहीत म्हणून हे सुचतं." पण त्याच दिवशी नदीच्या नाक्यावर एक तीन शिंगांचा राक्षस आडवा आला, आणि नूरीनं त्याच्याशी अशी घासाघीस केली की शेवटी राक्षसच हिला पोचवायला पैलतीरापर्यंत आला. स्वानंदनं तो राक्षस झकास केला होता, रडवेला, बायकोला घाबरणारा. हसून हसून रुक्सानाच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर दुकानात बसून गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकणाऱ्या बाईला रविवारी राक्षसाला टोमणे मारायला मिळत होते. ती पक्की झाली. गेली दोन वर्षं तिनं एकही रविवार चुकवला नव्हता.

मग स्वानंदला कोड्यांचं वेड लागलं.

कुठल्याशा व्हिडिओत कुणीतरी म्हणे सांगितलं होतं, की खरा मास्टर खेळाडूंच्या बुद्धीला आव्हान देतो. झालं. राक्षस गेले, घासाघीस गेली. जिकडं जावं तिकडं कोडं. विहिरीत उतरलं की तळाशी तराजूचं कोडं. महालात शिरलं की फरशांचं कोडं. खानावळीत जेवायला बसलं की खानावळवाला ताटाऐवजी कोडं वाढायचा. त्या जगातल्या लोकांना शेतीभाती, धंदापाणी काही नव्हतं. सगळे दारात कोडं घेऊन बसलेले.

नदीवरचं कोडं तर रुक्साना जन्मात विसरणार नव्हती. लांडगा, बोकड आणि कोबीची गड्डी पैलतीराला न्यायची. एका वेळी एकच. लांडगा बोकडाला खाणार, बोकड कोबीला खाणार.

"बोकडाला झाडाला बांधते," रुक्साना म्हणाली.

"तसं चालत नाही, वहिनी."

"का? नावाडी आहे मी. नावेत दोर नसतो?"

"कोड्यात दोर नाहीये."

"मग कोडं घालणाऱ्यानं कधी बोकड पाहिलेला नाही."

स्वानंद नाकातल्या नाकात हसला. हे हसणं रुक्सानाच्या चांगल्या ओळखीचं होतं. एखादं पोरगं पार्टचं नाव चुकीचं सांगतं, तेव्हा काही सेल्समन असं हसतात. तिनं त्या सेल्समनकडून माल घेणं बंद केलं होतं.

आणि आता हे पाच पुतळे. काळोख्या किल्ल्याच्या पोटात एक दगडी दरवाजा. दरवाजाशी पाच घंटा: तांब्याची, पितळी, लोखंडी, चांदीची, दगडी. बरोबर घंटा वाजवली तर दरवाजा उघडणार. चुकीची वाजवली तर छत कोसळून सगळे ठार, म्हणजे दोन वर्षं जपलेला गजा, उंदऱ्या, विद्युल्लता, नूरी, सगळे एका दमात खलास. घंटांपाशी पाच बोलके पुतळे: माकड, नाग, घुबड, कासव, कावळा. पाचांतला एकच खरं बोलणारा, बाकी चौघं पक्के खोटारडे. माकड म्हणतं, नाग खोटारडा. नाग म्हणतो, माकड खोटारडं. घुबड म्हणतं, मी आणि माकड एकाच जातीचे. कासव म्हणतं, काहीही करा पण पितळी वाजवू नका. कावळा म्हणतो, लोखंडी वाजवा.

"सोडवा," असं म्हणून स्वानंद हाताची घडी घालून मागे रेलला.

पहिल्या रविवारी ते दोन तास त्या दरवाजापुढे बसले. सुरेंद्र कावळ्याच्या बाजूचा होता. का, तर त्याच्या गावाकडं कावळ्याला मान असतो. अफताब म्हणाला, नागावर आपला भरवसा नाही. रुक्सानानं घुबडाशी गप्पा मारायला घेतल्या, "काय रे, किती वर्षं झाली इथं? जेवणाची सोय काय?" तर स्वानंद म्हणाला, पुतळे दुसरं काही बोलत नाहीत. पाच वाक्यं, बस्स.

तेव्हा अनुया हळूच म्हणाली, "मी फासा टाकू का? विद्युल्लता एवढी हुशार आहे, तर तिला सुचेल ना."

"फासा कशाला?" स्वानंद म्हणाला. "डोकं वापर."

"विद्युल्लताचं?"

"तुझं."

तो हे सहज बोलला. अनुया खाली बघून फासा बोटांत फिरवत राहिली. रुक्सानाला ते खटकलं आणि तिनं तोंड उघडलं.

"स्वानंदभाऊ, एक विचारू? मागं गजानं ती शिळा उचलली, तेव्हा यांनी फासा टाकला. बरोबर?"

"बरोबर."

"तेव्हा तुम्ही यांना म्हणालात का, की ऊठ अफताब, आमचा फ्रिज उचलून दाखव?"

सुरेंद्रचा झोपलेला डोळाही उघडला. अफताब गालात हसला. स्वानंद मात्र गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ताकद वेगळी, लॉजिक वेगळं. लॉजिक प्रत्येक माणसाला असतं. निदान असायला पाहिजे."

त्या 'निदान'नं रुक्सानाचं डोकं फिरलं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून ती दापोडी येईपर्यंत बडबडत होती. अफताब हेल्मेटच्या आतून "हां, हां" करत होता.

पुढचा आठवडा तिनं त्या पुतळ्यांना मनातून हाकलायचा प्रयत्न केला. पण क्लच प्लेटचा खोका काढताना घुबड आठवायचं, चेनचा सेट बांधताना माकड. मंगळवारी तिला वाटलं, सुटलं. चांदीची. बुधवारी भात शिजताना लक्षात आलं, तसं धरलं तर दोन पुतळे खरे ठरतात. कुकरची शिट्टी झाली आणि ती अशी दचकली, जणू छतच कोसळलं. तिनं हे कुणाला सांगितलं नाही. ज्या गोष्टीला आपण चारचौघांत कचरा म्हणतो तिला घरी येऊन चिवडत बसायचं, यापेक्षा नामुष्कीची गोष्ट तिला दुसरी माहीत नव्हती. आणि सुटत नव्हतं, ही त्याहून मोठी.

शुक्रवारपर्यंत तिनं दुसरा बेत आखला.

रविवारी स्वानंदनं पुठ्ठा उभा केला, घसा साफ केला आणि जड आवाजात सुरुवात केली, "पाच पुतळे तुमच्याकडे बघताहेत..."

"बघू दे," रुक्साना म्हणाली. "गजा दरवाजाला खांदा लावतो."

"दरवाजा मंत्रानं बांधलेला आहे. पण ठीक आहे, अफताब, टाक फासा."

"फासा नाही." रुक्सानानं फाशावर पंजा ठेवला. "मागच्या वेळी ठरलं ना, डोकं ज्याचं त्याचं? मग हातपायही ज्याचे त्याचे. अहो, उठा. फ्रिज."

अफताबनं आधी बायकोकडं पाहिलं, मग दोस्ताकडं. गेल्या काही महिन्यांत त्यालाही बोकड, कोबी आणि तराजू पुरेसे झाले होते. तो उठला, बाह्या सरसावल्या आणि फ्रिजला मिठी मारली. फ्रिज बोटभर हलला. आत काहीतरी कलंडलं आणि दाराच्या फटीतून ताकाचा ओघळ फरशीवर आला.

"अरे, अरे, काय करतोस!" स्वानंद ओरडला.

"शिळा उचलतोय, राव," अफताब धापा टाकत म्हणाला. "तुझ्या शिळेत पण ताक असतंय होय."

अनुया हसली. तोंडावर हात धरून, पण चांगली हसली. रुक्सानानं तिला इतकं हसताना या घरात पाहिलंच नव्हतं.

"आता उंदऱ्या," रुक्साना म्हणाली. "सुरेंद्रभाऊ, ते बेडरूममधलं कपाट. ही घ्या हेअरपिन."

"मी मेंटेनन्सवाला आहे, वहिनी, घरफोड्या नाही," सुरेंद्र म्हणाला. पण म्हणता म्हणता उठलाही. झोप पार उडाली होती. कपाटाला त्यानं कान लावला, जीभ दातात धरली आणि पिन आत घातली. दोन मिनिटं खुडखुड झाली. मग 'कट्' असा आवाज आला. पिनेचा अर्धा तुकडा सुरेंद्रच्या हातात होता आणि अर्धा कुलपात.

स्वानंद जागचा उठला. "लॅपटॉप आहे आत! उद्या कस्टमरचं ऑडिट आहे माझं!"

"फासा असता तर उघडलं असतं," रुक्साना म्हणाली. "आणि तुम्ही कुठं चाललात? तुमचा ड्रॅगन यायचाय अजून. गॅलरीतून उडून दाखवायचंय तुम्हाला."

इथवर हसण्यावारी होतं. अफताब ताक पुसायला फडकं शोधत होता. सुरेंद्र दिलगीर चेहऱ्यानं कुलपात फुंकर मारत होता. पण स्वानंद हसला नाही. तो परत खुर्चीवर बसला, आडोशाचा पुठ्ठा सरळ केला आणि शांतपणे बोलला. ऑफिसात खालच्या माणसाला समज देताना बोलत असेल तसं.

"वहिनी, राग मानू नका. जमत नाही तेव्हा माणूस नाटकं करतो. हे शाळेतल्या पोरांचं कोडं आहे. पण विचार करायची सवय लागते त्याला. दिवसभर दुकानात नट-बोल्ट मोजून ती लागत नाही. यात तुमचा दोष नाही."

फडकं शोधणारा अफताब जिथल्या तिथे थांबला. कॉलेज सोडून गल्ल्यावर बसल्याचं दुःख त्यानं कधी दाखवलं नव्हतं; पण ते कुठं आहे हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि स्वानंदला सगळ्यांत जास्त. रुक्सानाच्या जिभेवर चार उत्तरं आली, चारही अशी की ती दिल्यावर या घराची पायरी पुन्हा चढता आली नसती. नेमकं कुठलं द्यावं या विचारात ती क्षणभर अडली.

तेवढ्यात अनुया म्हणाली, "पितळी."

"काय?" स्वानंद म्हणाला.

"विद्युल्लता पितळी घंटा वाजवते."

"अशी उगीच ठोकू नकोस. सगळे मरतील."

"उगीच नाही. माकड आणि नाग एकमेकांना खोटारडे म्हणतात. म्हणजे दोघांतला एक खरा असलाच पाहिजे. आणि खरा एकच आहे. तर उरलेले तिघं गेले खोट्यात. त्यांत कासव आलं. कासव म्हणतं पितळी वाजवू नका." तिनं फासा खाली ठेवला. "बाकीचं सगळं गोंधळ घालायला आहे."

रुक्सानाच्या मनात एकदम लख्ख झालं, आणि पाठोपाठ स्वतःची शरम वाटली. बुधवारचा भात, ती शिट्टी. आणि कोडं म्हणावं तर एवढंसं!

स्वानंदचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कोडं सुटलं याचा आनंद मास्टरला व्हायला हवा. तसा तो झाला नव्हता.

"मोबाईलवर शोधलंस?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग माझ्या फाइलमध्ये बघितलंस."

"नाही रे. मागच्याच रविवारी सुटलं होतं. तू सांगून होईपर्यंत."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

अनुयानं त्याच्याकडं पाहिलं. चिडून नाही. एखादं माप पुन्हा एकदा तपासावं तसं. "फरशांचं कोडं मी लगेच सोडवलं होतं. तू चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतास. पाचव्या दिवशी त्याहून अवघड कोडं घेऊन आलास. म्हटलं, हे असंच चालायचं असेल तर सगळ्यांबरोबर अडकून बसलेलं बरं. निदान चिवडा तरी मिळतो."

ती शेवटचं वाक्य विनोदानं म्हणाली होती, पण कुणाला हसू आलं नाही. सुरेंद्रनं छताकडं बघायला सुरुवात केली. रुक्सानाला आठवलं, फरशांच्या कोड्यानंतरच्या रविवारी अनुया म्हणाली होती, घसा बसलाय. दोन वर्षं ती या बाईच्या समोर बसत होती, राक्षसांची नस ओळखत होती, आणि समोरच्या खुर्चीवर काय चाललंय ते तिला दिसलं नव्हतं. हे तिला कोडं न सुटण्यापेक्षा जास्त लागलं.

"बरं," अफताब म्हणाला. तो अजून उभाच होता. आवाज जरा खरखरीत होता. "पितळी वाजली. दरवाजा उघडला. पुढं काय? आत काय आहे?"

स्वानंदनं पुठ्ठ्यामागचे कागद चाळले. एकदा चाळले, पुन्हा चाळले.

"आत..." तो म्हणाला. "आत अंधार आहे."

"मशाल लावते," रुक्साना म्हणाली.

"मशालीच्या उजेडात... एक मोठी खोली."

"खोलीत काय?"

त्यानं तेच कागद तिसऱ्यांदा चाळले. आणि मग रुक्सानाला कळलं. सगळ्यांनाच एकदम कळलं. आत काहीच नव्हतं. या माणसानं दरवाजा रचला, घंटा रचल्या, पाच पुतळे आणि त्यांची पाच वाक्यं रचली, आणि दरवाजापलीकडं काय आहे याचा क्षणभर विचार केला नव्हता. त्याला आपण आत जायलाच नको होतो. आपण बाहेर बसावं, डोकं खाजवावं, त्याच्या तोंडाकडं बघावं, एवढ्यासाठी हा सगळा किल्ला. दरवाजा कसला, साहेबाच्या केबिनबाहेरचा बाक होता तो.

"पुढच्या रविवारी सांगतो," स्वानंद म्हणाला. "तयारी करायला वेळच मिळाला नाही. ऑडिटचं काम होतं."

"मी सांगू?" अनुया म्हणाली.

"तू कसं सांगणार? मास्टर मी आहे."

"तुझ्याकडं काही नाहीये ना. माझ्याकडं आहे." आणि त्याच्या हो-नाहीची वाट न बघता ती इतरांकडं वळली. "खोलीत एक चूल पेटलेली आहे. एक बाई भाकरी थापतेय. तुम्हाला बघून ती घाबरत नाही. ती म्हणते, घंटा ऐकली. चौघांचं पीठ मळलंय. पण आधी पायातलं काढा."

रुक्साना खुर्चीत सावरून बसली. "नूरी विचारते, बाई, तू इथं कधीपासून?"

"बाई म्हणते, पुतळे बोलत नव्हते तेव्हापासून."

अफताब खाली बसला. सुरेंद्रनं पिनेचा तुकडा खिशात टाकला आणि खुर्ची पुढं ओढली. संध्याकाळपर्यंत ते त्या चुलीपाशीच होते. बाई कोण, तिला कुणी कोंडलं, तिच्या भाकरीत काय मिसळलंय, एक गोष्ट सरळ कळली तर शपथ. ती काही खरं सांगत होती, काही लपवत होती, काही तिचं तिलाच माहीत नव्हतं. कुणाला काही अडलं की फासा पडत होता, आणि पडलेला फासा अनुया असा काही वळवून घ्यायची, की चुकीच्या आकड्यातूनही एक नवा जिना निघायचा. स्वानंद थोडा वेळ पुठ्ठ्यामागे बसला, मग उठून आत गेला. आतून कुलूपवाल्याशी फोनवर हुज्जत घालत असल्याचा आवाज येत राहिला.

निघताना लिफ्टपाशी रुक्सानानं अनुयाचा हात धरला. "पुढच्या रविवारी आमच्याकडं ये. दुकानावरची खोली रिकामीच असते."

"त्याला काय सांगू?"

"त्यालाही आण. यायचं असेल तर."

"तुम्हाला चालेल? आज जे बोलला त्यानंतर?"

रुक्सानानं अफताबकडं पाहिलं. तो लिफ्टचं बटण उगीच पुन्हा पुन्हा दाबत होता.

"मला नाही चालणार," तो म्हणाला. "पण येऊ दे."

पहिले दोन रविवार स्वानंद आला नाही. मॅच होती, मग कसला तरी रिपोर्ट होता. दापोडीच्या त्या खोलीत रबराचा आणि ग्रीसचा वास यायचा, मधूनच रेल्वेच्या धडधडाटानं फासे आपोआप हलायचे आणि सुरेंद्र म्हणायचा, "हा धरायचा नाही, हा रेल्वेनं टाकला." अनुया पुठ्ठा लावत नसे. तिचा आवाजही मोठा झाला होता, किंवा रहाटणीच्या घरात तो लहान वाटत असावा.

तिसऱ्या रविवारी जिन्यावर बूट वाजले आणि स्वानंद दारात उभा राहिला, हातात वेफर्सचं मोठं पाकीट. अफताबनं त्याला खुर्ची दिली. नट-बोल्टांबद्दल स्वानंद काही बोलला नाही. जिना चढताना चार वेळा घोकून आणलेलं वाक्य ऐनवेळी घशात अडकावं तसा त्याचा चेहरा होता. अफताबनंही विचारलं नाही. फक्त वेफर्स फोडून आधी सुरेंद्रपुढं धरले.

अनुयानं त्याला एक पात्र दिलं: रस्ता चुकलेला कारकून. गावात पाटलाची घोडी नाहीशी झाली होती आणि पाटलाची विधवा सून म्हणत होती, मी काही पाहिलं नाही.

"ही खोटं बोलतेय," स्वानंद लगेच म्हणाला. "आधी म्हणाली अंगणात होते, मग म्हणाली स्वयंपाकघरात. म्हणजे ही खोटारडी. म्हणजे ती जे म्हणते त्याच्या उलट धरायचं. तिनं सांगितलं घोडी पूर्वेला गेली नाही, तर ती पूर्वेलाच गेली. चला."

"एकटाच जातोस?" अनुयानं विचारलं.

"लॉजिक स्पष्ट आहे."

कारकून पूर्वेला गेला. पूर्वेला दलदल होती. फासा पडला दोनाचा, आणि कारकून कमरेपर्यंत चिखलात रुतला. रुक्सानाला इतका आनंद झाला की तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"हे चूक आहे," स्वानंद म्हणाला. "ती एकदा खोटं बोलली होती!"

"एकदा," रुक्साना म्हणाली. "सूनबाई आहे ती, तुमच्या पुतळ्यांतला कावळा नाही. घोडी पूर्वेला गेली नाही हे तिनं खरंच सांगितलं. स्वयंपाकघराचं खोटं सांगितलं. माणसं अशीच बोलतात, स्वानंदभाऊ. थोडं खरं, थोडं खोटं, जिथं दुखतं तिथं जास्त खोटं. तुमच्या कंपनीत नाही का बोलत?"

"कंपनीत मी डेटा बघतो."

"बघा मग चिखलाचा डेटा."

सुरेंद्र खो खो हसला. स्वानंद लाल झाला. क्षणभर वाटलं आता हा उठणार, पाकिटातले उरलेले वेफर्स घेऊन जाणार. अनुया त्याला सोडवायलाही गेली नाही आणि टोचायलाही.

गजानं शेवटी कारकुनाला ओढून काढलं. अफताबनं फासा टाकायच्या आधी जरा जास्तच वेळ हातात खुळखुळवला. दोस्ताला चिखलात आणखी थोडं बसू द्यावं असं त्याला वाटत असावं, आणि रुक्सानाच्या मते त्यात काही गैर नव्हतं.

कारकून परत सुनेपुढं जाऊन उभा राहिला.

"तू स्वयंपाकघरात का म्हणालीस?" स्वानंदनं विचारलं. ऑडिटच्या आवाजात.

"मी काही म्हणाले नाही," अनुया सुनेच्या आवाजात म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

"म्हणालीस. मी ऐकलं."

सुनेनं पाठ आणखी वळवली.

"असं विचारलं तर माझी सादिकासुद्धा सांगणार नाही की दूध कुणी सांडलं," रुक्साना म्हणाली. "पोरगी सहावीत आहे. तिला कळतं की समोरचा आधीच निकाल लावून बसलाय."

"मग कसं विचारायचं?"

हे त्यानं टेबलाला विचारलं की तिला, ते कळलं नाही. पण विचारलं खरं, आणि या वेळी नाकातून हसला नाही. रुक्सानाकडं उत्तर होतं. आळंदीच्या दुकानातून आणलेलं, दापोडीत घासून घासून चकचकीत केलेलं. ते ती देणार नव्हती. एवढ्या स्वस्तात नाही.

"डोकं वापरा," ती म्हणाली, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

खालून गाडी गेली, फासे हलले. मग स्वानंदनं चुळबुळ करत, चाचरत, सुनेकडं न बघता विचारलं, "घोडी तुझी लाडकी होती का?"

प्रश्न काही फार मोठा नव्हता. शाळेतलं पोरगंही विचारेल असा. अनुया वळली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. स्वानंदनं मध्ये तीन वेळा तिचं वाक्य तोडलं, आणि तिन्ही वेळा अफताबनं त्याच्या पोटरीला टेबलाखालून लाथ मारली.